तीन ग्रॅमचं झाकण

युरोपीय संघाच्या देशांत ३ जुलै २०२४ पासून एक नियम लागू झाला. पेयाची प्लास्टिकची बाटली असो की पुठ्ठ्याचा खोका, आकार तीन लिटरपर्यंतचा असेल तर त्याचं प्लास्टिकचं झाकण उघडल्यावरही त्यालाच जोडलेलं राहिलं पाहिजे. मूळ कायदा २०१९ चा, पण झाकणांसाठी कंपन्यांना पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम लागू होताच तिथल्या लोकांनी तोंड वाकडं केलं. कुणाच्या दुधाची धार लोंबत्या झाकणावर आपटून ओट्यावर सांडायला लागली, कुणाच्या नाकाला झाकण टोचायला लागलं, आणि काहींनी ते सरळ पिरगाळून तोडायला सुरुवात केली. दूरवरून हे वाचताना हसू येतं. एवढी मोठी संसद, एवढे खासदार, आणि चर्चा कशावर, तर बुचावर.

मला मात्र हा नियम आपल्याकडेही हवा आहे. त्याहून मोठी माझी मागणी अशी की पुठ्ठ्याच्या खोक्याला प्लास्टिकचं झाकण लावायचं की नाही, हे कंपनीच्या विक्री विभागाने एकट्याने ठरवू नये. जिथे अन्न उरतं तिथे झाकण हवं, आणि ते खोक्यापासून सुटणारं नको. जिथे काही उरतच नाही तिथे झाकणच नको. आपल्या कायद्यात आज यातलं काहीच नाही.

आधी ते झाकण हातात घेऊन नीट पाहू. एक लिटर ज्यूसच्या खोक्यावरचं फिरकीचं झाकण दिसायला एक असलं तरी त्यात बहुतेक वेळा तीन तुकडे असतात. खाली पुठ्ठ्याला चिकटवलेली मान, मानेच्या आत दातेरी कडी, आणि वर फिरणारं टोपण. खोक्याच्या पुठ्ठ्याला त्या जागी आधीच भोक पाडलेलं असतं आणि भोकावर फक्त पॉलिथिन आणि अॅल्युमिनियमचा पातळ पडदा असतो. पहिल्यांदा टोपण फिरवलं की आतली कडी खाली सरकते आणि तिचे दात तो पडदा कापत जातात. हाताला जो कर्र असा अडसर जाणवतो तो याचाच. यातली खरी हुशारी अशी की कडी पडदा पूर्ण गोल कापत नाही, एका बाजूला थोडासा जोडलेला ठेवते. नाहीतर तो चकतीएवढा तुकडा ज्यूसमध्ये पडेल आणि ग्राहक बोंब मारेल. म्हणजे आतला तुकडा सुटू नये याची काळजी अभियंत्यांनी चोख घेतली. बाहेरचा तुकडा सुटला तर कुणाचं काय जातं! तो गटारात जाईल, नदीत जाईल, पण कंपनीकडे तक्रार घेऊन कुणी जाणार नाही.

झाकणाशिवाय हे खोके चालतच नव्हते का? चांगले चालत होते. अमेरिकेतल्या टोलिडो शहरातल्या जॉन व्हॅन वॉर्मरने १९१५ साली घराच्या छपरासारख्या माथ्याच्या दुधाच्या खोक्याचं पेटंट घेतलं. त्या खोक्याचे वरचे पंख मागे दुमडून पुढे ओढले की पुठ्ठ्याचीच चोच तयार व्हायची. दूध ओतून झालं की चोच परत आत दाबायची. उघडणंही पुठ्ठ्याचं आणि मिटणंही पुठ्ठ्याचंच. अमेरिकेतल्या शाळांत मुलांना मिळणारं दूध आजही बरंचसं अशाच छोट्या खोक्यांतून येतं. त्यात खोट होती, हे मान्य. आडवा ठेवला तर गळायचा, दोन-चार दिवसांत चोच मऊ पडायची, आणि बोटांत जोर नसलेल्या माणसाला ते पंख फाकवताना नको जीव व्हायचा. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत प्लास्टिकची झाकणं या खोक्यांवर चढली ती या तक्रारींच्या शिडीवरूनच. तक्रारी खऱ्या होत्या. पण एकदा चढलेलं झाकण मग जिथे तक्रार नव्हती तिथेही जाऊन बसलं.

प्लास्टिकविरोधी चळवळीतले माझे काही मित्र या टप्प्यावर म्हणतात, मग सगळीच झाकणं बंद करा. त्यांच्याशी माझं जमत नाही, कारण ते फक्त कचरा मोजतात आणि खोक्याच्या आतलं मोजत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या २०१० च्या अंदाजानुसार जगात एक किलो दूध तयार होऊन बाजारात पोचेपर्यंत सरासरी २.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे वायू हवेत जातात. झाकणाचं वजन धरा तीन ग्रॅम. ते प्लास्टिक बनवून साच्यात ओतेपर्यंतचा हिशेब दहा ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे हवामानापुरतं बोलायचं तर एक झाकण बरोबर साधारण एक चमचा दूध. झाकण नसल्यामुळे लिटरभर खोक्यातलं अर्धी वाटी दूध नासलं, तर झाकण वाचवून आपण तोट्यातच गेलो. म्हणून मोठ्या खोक्याचं झाकण ही चैन आहे असं मी म्हणणार नाही. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजीला तर कात्री शोधत बसण्यापेक्षा रुंद, खाचांचं, सहज फिरणारं झाकण हा मोठाच आधार आहे.

पण हाच हिशेब उलट बाजूनेही लागू होतो, आणि तिथे कंपन्या गप्प बसतात. दोनशे मिलिलिटरचा खोका माणूस उभ्या उभ्या संपवतो. त्यात उरतं काय आणि मिटायचं काय? तरी प्रवासात प्यायच्या छोट्या खोक्यांवरही आता फिरकीची झाकणं दिसू लागली आहेत. 'थोडं पिऊन बॅगेत ठेवता येतं' अशी त्याची भलामण होते. बॅगेत ठेवलेलं, तोंड लावलेलं, मे महिन्यातल्या एसटीत तीन तास तापलेलं ते पेय परत पिऊ नये असंच कुठलाही डॉक्टर सांगेल.

यात आपल्या कायद्याने एक विचित्र परिस्थिती करून ठेवली आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या ज्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली त्यात स्ट्रॉ होता. फ्रूटीसारख्या छोट्या खोक्यांना चिकटवलेला स्ट्रॉही त्यात आला. कंपन्यांनी सवलत मागितली, वाढीव मुदत मागितली. केंद्राने ती दिली नाही, आणि मग कागदाचे किंवा वनस्पतीजन्य प्लास्टिकचे स्ट्रॉ आले. कागदी स्ट्रॉ तोंडात विरघळतो म्हणून मुलांनी नाकं मुरडली, पण धंदा काही बुडाला नाही. इथपर्यंत ठीक. आता गंमत अशी की प्लास्टिकच्या स्ट्रॉचं वजन अर्ध्या ग्रॅमच्याही आत, आणि बंदी त्याच्यावर. त्याच आकाराच्या खोक्याला स्ट्रॉऐवजी झाकण बसवलं तर प्लास्टिक कितीतरी पट, आणि त्याला पूर्ण मोकळीक, कारण बंदीच्या यादीत झाकण हा शब्दच नाही. वस्तूंची यादी करून बंदी घालणाऱ्या कायद्याचं हे नेहमीचं दुखणं. दोरी धरली की साप निसटतो. छोट्या खोक्याला झाकण नको, हे सांगायला नवा अभ्यासगट नेमायची गरज नाही. अडीचशे मिलिलिटरची रेघ ओढली की काम झालं.

कोरड्या मालाच्या पुठ्ठ्याच्या डब्यांवरची प्लास्टिकची झाकणं हा वेगळा प्रकार. ओट्स, कॉर्नफ्लेक्स, कपड्याची पावडर, नळकांड्यातले वेफर्स. शेवटच्या प्रकाराबद्दल २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या पुनर्वापर उद्योगाच्या संघटनेने जाहीरच सांगितलं होतं की पुठ्ठ्याचं नळकांडं, आत धातूचा पापुद्रा, खाली पत्र्याचा बूड आणि वर प्लास्टिकचं झाकण असली भेळ वेगळी करणं म्हणजे दुःस्वप्न आहे. आपल्याकडे तर मुळात कोरड्या मालाला झाकणाची गरज किती, हाच प्रश्न आहे. मराठी घरात किराणा आला की तो वेष्टणात राहत नाही. डाळ, पोहे, रवा, साबुदाणा सगळं स्टीलच्या डब्यांत जातं, आणि ओट्सही त्याच रांगेत जाऊन बसतात. पावसाळ्यात कोकणात तर पुठ्ठ्याच्या खोक्यावर विसंबून कुणी पोहे ठेवणार नाही, मग त्याला कितीही घट्ट झाकण असो. ज्या बाजारात घरोघरी डबे आहेत तिथे प्रत्येक खोक्यासोबत नवं झाकण विकणं म्हणजे पाश्चात्य स्वयंपाकघराचा नकाशा इथे आणून चिकटवणं.

झाकणाबद्दलची आणखी एक गोष्ट मला जास्त खटकते, आणि ती प्लास्टिकची नाही. फिरकीचं झाकण ग्राहकाला खोटा धीर देतं. टेट्रा पॅकमधलं दूध न उघडता कपाटात महिनोन् महिने टिकतं, कारण ते काही सेकंद खूप तापवून, निर्जंतुक करून, निर्जंतुक खोक्यात भरलेलं असतं. झाकण फिरवून पडदा कापला त्या क्षणी ती सगळी करामत संपली. आता ते पिशवीतल्या दुधासारखंच नाशवंत. 'उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा' हे खोक्यावर छापलेलं असतं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. झाकण मात्र ठसठशीत, रंगीत आणि परत परत घट्ट बसणारं. त्याची भाषा सरळ आहे: लाव आणि विसर. ज्या घरात फ्रिज नाही, किंवा आहे पण दुपारभर वीज नाही, तिथे त्या झाकणाने दूध वाचत नाही, फक्त नासायचं कळायला उशीर होतो. निदान ती सूचना तरी झाकणाच्या माथ्यावर, बोटाला लागेल अशी उठावात का नसावी? साच्यात चार अक्षरं कोरायची एवढंच काम.

आता सुटणाऱ्या झाकणाकडे वळू. युरोपच्या कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे की तिथल्या किनाऱ्यांवर मोजलेल्या कचऱ्यात ८० ते ८५ टक्के नग प्लास्टिकचे असतात आणि निम्मे नग एकदा वापरून फेकायच्या वस्तूंचे. झाकणं हलकी, पाण्यावर तरंगणारी, रंगीत. मासे आणि पक्षी त्यांना खाणं समजतात. आपल्याकडे किनाऱ्याच्याही आधी प्रश्न येतो तो गल्लीत.

पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करते. वेगळा काढलेला सुका माल विकून येणारे पैसे हा या कामातला महत्त्वाचा भाग, आणि तो भाव किलोवर ठरतो. तीन ग्रॅमची झाकणं किलोभर जमवायची तर तीनशेच्या वर लागतात. रस्त्यातली बाटली उचलणं परवडतं. गटाराच्या जाळीत अडकलेलं एकेक झाकण वाकून उचलणं परवडत नाही. वेचणाऱ्या बाईच्या कंबरेचा हिशेब तिला कुणी शिकवावा लागत नाही. तेच झाकण खोक्याला जोडलेलं असेल तर ते खोक्याबरोबर आपोआप येतं, वेगळं वाकावं लागत नाही. पुढे कागद गिरणीत खोका पाण्यात घुसळतात, पुठ्ठ्याचे तंतू सुटतात, आणि राहिलेल्या प्लास्टिक-अॅल्युमिनियमपासून पत्रे नि फळ्या करतात. मुंबईत अशा जुन्या खोक्यांपासून शाळांसाठी बाकं करून झाली आहेत. साधारण तीन चतुर्थांश पुठ्ठा, पाचवा हिस्सा पॉलिथिन आणि थोडं अॅल्युमिनियम अशा या खोक्याबरोबर झाकण आलं तर त्या प्रक्रियेत खोळंबा होत नाही. ते उरलेल्या प्लास्टिकमध्येच जातं. खोळंबा होतो तो झाकण आलंच नाही तर, कारण ते मग कुठल्याच गिरणीत पोचत नाही.

जोडलेल्या झाकणाचं मोठेपण मला यात वाटतं की ते कुणाच्या चांगुलपणावर अवलंबून नाही. चांगुलपणावर विसंबायचा दुसरा मार्ग महाराष्ट्राने आजमावून पाहिला आहे. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशव्या परत घेण्याची तरतूद होती, पिशवीमागे किमान पन्नास पैसे. पुढच्या वर्षी विधानसभेत त्याची पुन्हा घोषणा झाली. रिकामी पिशवी धुऊन, वाळवून, दुकानात नेऊन पन्नास पैसे परत घेतलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. याउलट पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लटकता राहू द्या, असे निरोप व्हॉट्सॅपवर फिरले तेव्हा कितीतरी घरांत लोक खरंच तसं करू लागले, कारण त्यात वेगळे कष्ट नव्हते. कात्री अर्ध्यावर थांबवायची इतकंच. लोंबतं झाकण म्हणजे तोच लटकता कोपरा, फक्त कात्री थांबवायचं काम इथे साचा करतो.

याच पिशवीमुळे आणखी एक हिशेब सुचतो. अर्धा लिटर दुधाची अख्खी पिशवी साधारण तीन ग्रॅमची असते. म्हणजे एका खोक्याच्या नुसत्या झाकणात जेवढं प्लास्टिक जातं तेवढ्यात पिशवीवाल्याचं अर्धा लिटर दूध घरी पोचतं. पुठ्ठ्याचा खोका पर्यावरणाला धार्जिणा म्हणून ज्या ताठ्याने विकला जातो, त्या ताठ्याला हा आकडा थोडा आवर घालायला पुरेसा आहे.

कंपन्यांचे आक्षेप काय असतील ते आत्ताच लिहून ठेवता येतात. साचे बदलावे लागतील, भरण्याची यंत्रं बदलावी लागतील, ग्राहक चिडेल. ग्राहक चिडेल हे खरं, आणि चांगल्या रचनेला तिथेच वाव आहे. झाकण बिजागरीवर मागे पडून टक् करून अडकलं आणि धारेच्या वाटेतून पुरेसं लांब राहिलं, तर सांडत नाही. नुसत्या पट्टीवर लोंबतं ठेवलं तर नाकाला लागणारच. (जाता जाता: लिटरच्या खोक्यातून ओतताना झाकण खालच्या बाजूला येईल असा खोका धरतात म्हणून गचके बसून सांडतं. झाकण वरच्या कडेला ठेवून ओतलं तर हवा आत जात राहते आणि धार सरळ पडते. युरोपातल्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटल्या असत्या असा मला संशय आहे.) साच्यांचं म्हणाल तर पाच वर्षं खर्चून ते तिथे तयार झाले आहेत. खोके बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगभर त्याच आहेत. त्यातल्या सर्वांत मोठीचा कारखाना आपल्या चाकणलाच आहे. जे लिस्बनच्या ग्राहकाला देता ते लातूरच्या ग्राहकाला द्यायला अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

या वादात हल्ली उसाचं झाकण पुढे केलं जातं, आणि महाराष्ट्रात तरी त्यावर थांबून बोललं पाहिजे. ब्राझीलमध्ये ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवते. काही खोक्यांची झाकणं आणि आतले थर त्याचे असतात, आणि वर हिरवं पान छापलेलं असतं. ते पॉलिथिन खनिज तेलापासूनच्या पॉलिथिनचं जुळं भावंड आहे, रासायनिक फरक शून्य. त्यामुळे गटारात पडलं तर तेही कुजत नाही. आपल्याकडे ऊस थोड्या जमिनीवर असून सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा पितो. त्याच्या इथेनॉलवर पेट्रोलने आधीच हक्क सांगितला आहे. आता झाकणांनीही रांग लावली तर मराठवाड्यातल्या बोअरवेल आणखी खोल जाणार. ब्राझीलचा बराचसा ऊस पावसावर येतो, आपला कालव्यावर आणि उपशावर. त्यामुळे तिथलं हिरवं पान इथे जसंच्या तसं चिकटवता येत नाही. कच्चा माल कुठला यावर वाद घालताना झाकण मुळात लागणार का, हा पहिला प्रश्न आपण सोयीस्कर विसरतो.

नियम कुठे बसवायचा, हेही अवघड नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत प्लास्टिक कचरा नियमांत जी दुरुस्ती झाली तिने उत्पादकावरची वेष्टण परत गोळा करण्याची जबाबदारी आखून दिली आणि वेष्टणांचे चार गट केले. कडक प्लास्टिक पहिल्या गटात, अनेक थरांचं वेष्टण तिसऱ्या. सुटं झाकण या विभागणीच्या फटीत पडतं. ते कागदावर टनांत मोजलं जातं, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही टनभर कडक प्लास्टिकचा पुनर्वापर झाल्याचं प्रमाणपत्र विकत घेऊन त्याचा हिशेब चुकता करता येतो. झाकण जिथल्या तिथे गटारात राहतं. झाकणासाठी मोजमाप वजनाचं न ठेवता नगाचं ठेवा: जितके खोके विकले तितकी झाकणं खोक्याला जोडलेल्या अवस्थेत विकली की नाही, बस. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी दुकानात उभा राहून एक खोका उघडून पाहू शकतो.

२०२२ मध्ये स्ट्रॉसाठी जशी मुदतवाढ मागितली गेली तशी झाकणांसाठीही मागितली जाईल. मोठ्या कंपन्यांना एक वर्ष द्यावं. साचे तयार असताना त्याहून जास्त मागणाऱ्याला साच्यासाठी वेळ नको आहे, गोदामातला जुना माल संपवायला हवा आहे. कोल्हापूर-सांगलीकडचे छोटे दूध संघ किंवा रत्नागिरीतला आंब्याचा रस खोक्यात भरणारा लघुउद्योजक यांची गोष्ट वेगळी. ते झाकण बनवत नाहीत, विकत घेतात, आणि पुरवठादार जे देईल ते लावतात. म्हणून बंधन भरणाऱ्यावर न टाकता झाकण बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर टाकलं पाहिजे. बाजारात सुटं झाकण विकायलाच मिळालं नाही तर रत्नागिरीच्या उद्योजकाला कायद्याचं कलम वाचायची वेळच येणार नाही.